ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, शाखा कार्यालयातल्या मॅडमना, फॉर्मवर कारण लिहून दिल्याबद्दल

मॅडम,

स. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. सरकारी कचेरीत नीट काम करणाऱ्याचं नाव बाहेर पडलं की बक्षीस म्हणून शेजारच्या टेबलावरच्या फायलीही त्याच्याकडेच येतात. ज्याचा फॉर्म तुम्ही हातात घेतलात त्या कामगाराचंही नाव नको. त्याला अजून नोकरी शोधायची आहे, आणि ठेकेदारांचे आपसात फोन चालतात. कारखान्याच्या प्रेस शॉपमधला (पत्रा दाबून आकार देतात त्या विभागातला) ठेकेदाराचा हेल्पर, ऑगस्टअखेर काम गेलेला, सगळे पगाराचे कागद दुधाच्या पिशवीत घेऊन आलेला, एवढ्यावर तुम्हाला ओळख पटेल.

त्याचा बेकारीच्या मदतीचा अर्ज मंजूर झाला म्हणून हे पत्र नाही. तो नियमात बसत होता, पैसे मिळायलाच हवे होते. हे पत्र आहे ते त्या दीड ओळीसाठी. त्याच्या एबी-१ फॉर्मच्या, म्हणजे त्या मदतीच्या अर्जाच्या, झेरॉक्सवर, उजवीकडच्या समासात, तुम्ही पेन्सिलीने लिहून दिलंत: "सप्टें. कारण ११, शेवटचा दिवस कोरा. ठेकेदाराने १० घालून तारीख द्यावी. दिवस भरतात."

तोवर त्याच्या पदरात काय होतं? "सिस्टीम घेत नाही." "तुमचं नाव अजून कंपनीतच दिसतंय, तिकडे विचारा." "आता सगळं ऑनलाइन आहे, इथे येऊन उपयोग नाही." ठेकेदाराच्या साइट ऑफिसातून, "आम्ही चलन वेळेवर भरलंय, पुढचं ईएसआयवाले जाणोत." कारखान्याच्या एचआरकडून, "तो आमच्या रोलवर नव्हताच." आणि गेटबाहेर लॅपटॉप मांडून बसलेल्या एजंटाकडून टक्केवारीची बोली. यातल्या एकानेही नेमकं काय चुकलंय ते कागदावर उतरवून दिलं नाही. तोंडी नकाराला ना तारीख असते ना सही. तो घेऊन माणूस दुसऱ्या दारात उभा राहिला की त्याचं म्हणणं तक्रार न राहता रडगाणं ठरतं. तुमच्या दीड ओळीत चूक कुठे आहे, कोणी दुरुस्त करायची आणि दावा टिकतो की नाही, ही तिन्ही उत्तरं होती. शेवटचे दोन शब्द तर तुम्ही लिहिले नसते तरी चाललं असतं. पण "दिवस भरतात" वाचल्यावर तो ठेकेदाराकडे जाऊन विनवण्या करायचं थांबला आणि दुरुस्ती मागू लागला.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून तुम्हाला पाठ असलेली गोष्ट थोडी उलगडून लिहितो.

दर महिन्याचं अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरताना मालक किंवा ठेकेदार प्रत्येक विमा क्रमांकापुढे दिवस आणि पगार टाकतो. दिवस शून्य असतील तर कारणाचा क्रमांक द्यावा लागतो: ० म्हणजे विनाकारण, १ रजेवर, २ नोकरी सोडली, ३ निवृत्त, ४ विम्याच्या कक्षेबाहेर, ९ संप किंवा टाळेबंदी, १० छाटणी, ११ काम नाही. २ किंवा १० घातला की कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख द्यावीच लागते. ० किंवा ११ घातला की तो रकाना कोराच सोडायचा असतो. सगळी गोम इथे आहे. ११ घातलेला माणूस घरी बसलेला असतो, पगार बंद असतो, पण नोंदीत तो त्या ठेकेदाराकडेच असतो. बेकारी कोणत्या दिवशी सुरू झाली हे नोंदीत कुठेच नाही, मग बेकारीचा दावा उभा राहणार कशावर?

११ का घालतात? कधी अडाणीपणाने, पगारपत्रक करणाऱ्या पोराला यादीतलं "काम नाही" हे सोयीचं वाटतं. कधी पुरतं समजून उमजून. १० म्हणजे छाटणी, आणि छाटणी म्हटली की एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सलग नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई, हे प्रकरण उभं राहतं. त्यापेक्षा "काम नाही" बरं. दुसरी युक्ती त्याहून जुनी आहे. "राजीनामा लिहून दे, फुल अँड फायनल लगेच करतो." मग २ पडतो. तारीख येते, पण आपणहून सोडली असा रंग चढतो. गैरवर्तनावरून काढलेला, निवृत्त झालेला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, या तिघांना बेकारीची मदत नाही. त्यामुळे राजीनाम्याचा कागद असला की प्रश्न सुरू होतात. कामावरून काढताना राजीनामा मागणाऱ्या एचआरवाल्यांना हे माहीत नसतं असं मानायला आम्ही तयार नाही.

ही मदत देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली. तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, तेही बेकारीचे ९० दिवस उलटल्यावर आणि अर्ज मालकामार्फत. ज्याने काढलं त्याच्याच सहीने मदत मागायची, असा तो उफराटा कारभार. कोरोनाच्या टाळेबंदीत, २४ मार्च २०२० पासूनच्या बेकारीसाठी, मदत ५० टक्के झाली, थांबायचे दिवस ३० वर आले आणि कामगाराला थेट शाखेत अर्ज देता येऊ लागला. ही सवलत पुढे मुदतवाढ घेत घेत चालत आली, म्हणून अर्जाआधी चालू मुदत शाखेत विचारून घेतलेली बरी. मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची, आयुष्यात एकदाच. कित्येक एचआर आजही "कंपनीची सही लागते" असं सांगून कामगाराला तंगवतात. सही लागत नाही. लागते ती मालकाने अंशदान भरताना टाकलेली नोंद, आणि ती चुकली की थेट अर्जाची सोय असूनही माणूस फिरून मालकाच्याच दारात.

आता "दिवस भरतात"चा हिशोब. किमान दोन वर्षं विम्याची नोकरी हवी. बेकारीच्या लगेच आधीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवस हवेत आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात ७८. कालावधी सहा महिन्यांचे, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ७८ म्हणजे महिन्याला सरासरी १३. आता ज्या ठेकेदाराने २६ हजेऱ्यांच्या जागी १२ दाखवल्या, त्याच्या कामगाराचे सहा महिन्यांत ७२ होतात. सहा दिवसांनी दावा बुडतो. ठेकेदाराचं वाचतं काय? मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. एवढ्याशा पैशासाठी हजेरी चोरायची आणि पगाराच्या पावतीवर मात्र कपात पूर्ण दाखवायची! पावत्या आणि बँकेचं पासबुक जपून ठेवा असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो ते याचसाठी. दुधाची पिशवी का असेना, कागद त्यात होते.

दिवस तुटण्याची आणखी एक वाट आहे, ती कारखान्यातल्या जरा बऱ्या पगारवाल्यांची. विम्यात येण्याची मर्यादा महिना २१,००० रुपये पगाराची. पगारवाढीने मधेच ती ओलांडली तरी चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत कामगार विम्यात राहतो. पण पगारवाढीच्या महिन्यातच ४ घालून नाव उडवणारे पुष्कळ. मेमध्ये पगार वाढला आणि मेमध्येच नाव गेलं, तर सप्टेंबरपर्यंतचे दिवस हकनाक गेले.

रकमेबाबतही गैरसमज असतात. चारही अंशदान कालावधींची एकूण कमाई भागिले ७३०, ही रोजची सरासरी, आणि त्याच्या निम्मे. महिना १८,००० प्रमाणे २४ महिन्यांचे ४,३२,०००, रोजची सरासरी सुमारे ५९२ आणि ९० दिवसांचे सुमारे २६,६३०. मात्र ठेकेदाराने सहा महिने नोंदच केली नसेल तर कमाई ३,२४,००० उरते आणि भाजक ७३०चाच राहतो. हातात येतात १९,९७३. साडेसहा हजारांहून जास्तीची खोट, आणि कामगाराला वाटतं ईएसआयने कापले. शिव्या तुमच्या खिडकीला बसतात, मॅडम, ठेकेदार मोकळा.

भविष्य निर्वाह निधीतही हाच रोग आहे, फक्त रकान्याचं नाव डेट ऑफ एक्झिट. ती पडली नाही की शेवटचा दावा अडतो. तिथे निदान तोड आहे: शेवटच्या अंशदानानंतर दोन महिने उलटले की कामगार स्वतः पोर्टलवर ती तारीख टाकू शकतो, ज्या महिन्याचं शेवटचं अंशदान आलं त्या महिन्यातलीच. ओटीपी मात्र आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. ज्यांनी तिथे कंपनीचं सिम जोडलं आणि निघताना सिम परत केलं, त्यांची आधी आधार केंद्राची वारी. ईएसआयमध्ये अशी स्वतः तारीख टाकायची सोय असती तर तुमच्या पेन्सिलीची गरजच पडली नसती.

बाकी नियम सगळ्या शाखांना सारखेच आहेत. स्क्रीनवर ती सप्टेंबरची नोंद आधीच्या माणसांनाही दिसलीच असणार. नोंद उघडून तो क्रमांक वाचायला किती वेळ लागतो? आणि समासात लिहायला? कचेरीतला भला माणूस म्हणजे खिशातून पैसे काढणारा नव्हे, वशिल्याने काम करणारा तर मुळीच नव्हे. समोरच्याचं अडलंय कुठे हे बघून त्याला सांगणारा, बस. अशी माणसं प्रत्येक कचेरीत एखाद-दुसरं असतंच. कुठे पोस्टात, कुठे तलाठ्याकडे, कुठे जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीवर. त्यांच्यापुढची रांग हळू सरकते, म्हणून बाजूच्या खिडकीवाले त्यांच्यावर वैतागतात, आणि तरी लोक त्याच रांगेत उभे राहतात.

तुमची ओळ घेऊन तो ठेकेदाराकडे गेला तेव्हा आधीचंच उत्तर तयार होतं. पण कागदावर क्रमांक होते. पगारपत्रक करणाऱ्या पोराने यादी उघडली, १० वर बोट ठेवलं आणि मालकाला फोन लावून विचारलं की "हे घातलं तर आपल्याला काय लागेल?" छाटणीच्या भरपाईचा विषय तिथेच निघाला. तो वेगळा झगडा आहे आणि तो चालू आहे. ऑक्टोबरच्या अंशदानात शून्य दिवस, कारण १० आणि ३१ ऑगस्ट ही तारीख पडली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पैसे थेट खात्यात जमा झाले, घरभाड्याची थकबाकी आणि पोराची शाळेची फी त्यातूनच गेली, आणि एजंटाची टक्केवारी वाचली.

त्याला स्वतःला हे पत्र लिहायचं होतं. "काय लिहू, थँक्यू मॅडम एवढंच येतं" म्हणाला. त्याचं थँक्यू यात धरा.

आणि एक विनंती, कारण चांगल्या माणसाला पत्र लिहिलं की शेवटी काम सांगितलंच जातं. त्याच प्रेस शॉपमधले आणखी काही जण तुमच्याकडे येतील. एबी-१ भरून सही केलेला, आधार आणि बँक खातं विम्याच्या नोंदीला जोडलेलं, पगाराच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, एवढं आम्ही तपासून पाठवतोय. पण त्यातल्या दोघांचे दोन-दोन विमा क्रमांक निघाले आहेत. ठेकेदार बदलला तेव्हा नव्या ठेकेदाराने जुना दहा आकडी क्रमांक न विचारता दुसराच काढून दिला. दिवस दोन्हीकडे विभागले गेलेत, आणि जुन्या क्रमांकावर तर ते अजून पहिल्या ठेकेदाराकडे कामावर दिसतात. सगळ्या मालकांकडून सुटल्याशिवाय बेकार धरत नाहीत, म्हणून जुन्या ठेकेदाराला पत्र दिलं आहे, पोच घेतली आहे. दोन्ही क्रमांकांची नोंद एकत्र लावून ७८ भरतात का, तेवढं बघा. नसतील भरत तर तसंही समासात लिहून द्या.

कळावे,
तुमच्या खिडकीवर फॉर्म पाठवणारे