तक्रार: कयाकच्या स्कपर भोकाला भेग, तीन वेळा नाकारलेली वॉरंटी आणि आजचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाने आत्ताच माझा फोन मध्येच बंद केला, म्हणून आता लेखी.

तुमची मासेमारीची कयाक मी देवगडला रावस धरायला घेतली. माझी सासुरवाडी तिथली. खाडीच्या मुखाशी, ओहोटी लागलेली असताना, ती जड झाली आणि एका अंगाला कलायला लागली. पोकळ बुडात पाणी शिरलं की ते कललेल्या बाजूलाच धावतं आणि कयाक उलटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका होडीवाल्या काकांनी दोर टाकून ओढून आणलं. बायको किनाऱ्यावरून सगळं बघत होती.

नागपूरला आणून कयाक स्टुलांवर ठेवली, आत पाणी भरलं. सीटखालच्या स्कपर भोकाच्या, म्हणजे वर साचलेलं पाणी खाली सोडणाऱ्या आरपार भोकाच्या, नळीत भेग आहे, तिथून ठिबकतं. तिथलं प्लास्टिक बोटाने दाबलं तरी दबतं, इतकं पातळ. हा साच्यातला दोष आहे. बिल, अनुक्रमांक, व्हिडिओ, सगळं पाठवलं.

आधी उत्तर आलं, खाऱ्या पाण्यात वापरली म्हणून वॉरंटी नाही. विकताना तुम्हीच 'समुद्र आणि खाडीसाठी' म्हणता. मीठ खातं ते स्क्रू आणि बिजागऱ्यांना, पॉलिथिनला नाही. मग सांगितलं, नागपूरच्या उन्हाने प्लास्टिक गेलं. कयाक घरात, जिन्याखाली असते.

आणि आज:

"सर, पत्ता नागपूरचा दिसतोय. नागपूरला समुद्र नाही ना?"

नाही.

"मग समुद्रात वापरली याचा पुरावा काय?"

म्हणजे आधी समुद्रात नेली म्हणून वॉरंटी नाही, आणि आता नेलीच नाही म्हणून नाही! मी हेच विचारलं. तर म्हणे, "अंबाझरी तलावात वगैरे दगडावर घासली असेल." मागे कोणीतरी हसलं. मी म्हटलं, भेग नळीच्या आत आहे, तिथे दगड पोचत नाही, व्हिडिओ बघा. "व्हिडिओ आमच्याकडे उघडत नाही. कयाक मुंबईला पाठवा, खर्च तुमचा." १२ फुटांची कयाक! आणि शेवटी, "सर, नागपूरला रावस बाजारात मिळतो की." परत हसले. फोन बंद.

मी बुडता बुडता वाचलो, आणि तुमच्याकडे त्यावर हसतात.

दुसरी कयाक द्या किंवा पूर्ण पैसे परत करा, आणि ही न्यायला तुमची गाडी पाठवा. १५ दिवसांत झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथे, नागपुरातच, तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तारखांना तुम्हाला इथे यावं लागेल. होडीवाले काका साक्षीला तयार आहेत.

तुमचं नाव ऐकून मी जास्त पैसे मोजले होते. माझ्या मेहुण्यालाही हीच घ्यायला सांगितलं होतं, त्याला आता नाही म्हणालो.

याच साच्यातल्या कयाक आणखी कोणाकोणाकडे गेल्या त्याची नोंद तुमच्याकडे आहे. माझं काय ते नंतर बघा, पण त्या लोकांना आजच कळवा. पाऊस सरला की ते पुन्हा खाडीत उतरतील.

तुमचा ग्राहक,
प्रतापनगर, नागपूर