एका अधोरेखित ‘नाही’बद्दल

आदरणीय डॉक्टरबाई,
सा. न. वि. वि.

आठ महिन्यांपूर्वी आपल्याकडे आलो, तेव्हा माझ्या मधुमेहाला अकरा वर्षे झाली होती आणि सोनोग्राफीच्या अहवालातील ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात मध्यम प्रमाणात चरबी, ही ओळ तीन वर्षे जुनी झाली होती. आधीच्या डॉक्टरांनी ती वाचून, माझ्या सुनेदेखत, ‘काय गुरुजी, गुपचूप घेता की काय?’ असे हसत विचारले होते. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने यावर काय बोलावे? मी नाही म्हणालो, तरी फाइलीत ‘दारू?’ असे प्रश्नचिन्हासह लिहिले गेले आणि रक्ततपासणीतले यकृताचे एसजीपीटी किंचितच वाढलेले असल्याने विषय तिथेच मिटला. त्यानंतर घरात यकृताचे नाव काढणेच मी सोडून दिले.

आपणही तोच प्रश्न विचारलात, पण एकदाच. उत्तर ऐकून केसपेपरवर ‘मद्यपान : कधीही नाही’ असे लिहिलेत आणि त्याखाली रेघ ओढलीत. औषधे पुढे पुष्कळ मिळाली, पण मला धीर आला तो त्या रेघेने. समोरच्याचा शब्द खरा धरायला पदवी लागत नाही, तरीही तो धरणारी माणसे किती थोडी भेटतात!

मग सौ.ना खुर्ची पुढे घ्यायला सांगून आपण समजावलेत, की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की चरबी यकृतात साठत जाते, टाइप २ मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांत हे आढळते, आणि एसजीपीटी नॉर्मल असले तरी आत फायब्रोसिस, म्हणजे यकृतात व्रणासारखे कडक तंतू होणे, वाढत असू शकतो. वय, रक्तातील एसजीओटी व एसजीपीटी हे यकृताचे आकडे आणि प्लेटलेट यांवरून मोबाइलवर मांडलेल्या आपल्या गणिताचे उत्तर २.१ आले, १.३ च्या वर गेले की पुढची तपासणी करावी लागते. हे सारे आकडे तीन वर्षे माझ्या कपाटात पडून होते, याचा राग अजून जात नाही.

फायब्रोस्कॅनमध्ये, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीत, फायब्रोसिस निघाला; सिरोसिस, म्हणजे त्याची शेवटची गंभीर अवस्था, नाही. वजन ८४ वरून ७७ किलोवर आले आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी बंद केल्याबद्दल मात्र मी आपल्याला पुरती क्षमा केलेली नाही.

तो केसपेपर मी सुनेला वाचायला दिला.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षक