मलम लावा, पण वजन आणि वेळ पाहून

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

तान्ह्या बाळाला सलाईन लावताना शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावे लागते. म्हणून लिडोकेन आणि प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम आता कॅज्युअल्टीतही वापरले जाते. ते बंद करा, असे मी म्हणणार नाही. बाळाला दुखत नाही, हा समज एकदाचा गेला ते बरेच झाले.

अडचण घड्याळाची आहे. मलमाला काम करायला तासभर लागतो आणि कॅज्युअल्टीत तेवढा धीर कुणाकडेच नसतो. मग आणखी थोडे चोपडले जाते. जास्त लावल्याने ते लवकर बधिर करत नाही. अंगात मात्र जास्त मुरते. प्रिलोकेनमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा काही भाग ऑक्सिजन पोहोचवेनासा होतो. ते पूर्ववत करणारे विकर (एन्झाइम) तीन महिन्यांच्या आतल्या बाळांत कमी असते. ओठ निळसर पडतात, ऑक्सिजन लावूनही ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतो, रक्त चॉकलेटी दिसते. माहीत नसलेला डॉक्टर अशा वेळी छातीत किंवा हृदयात दोष शोधत बसतो.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला, किंवा वजन ५ किलोच्या आत असेल तर, मर्यादा १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर आणि एक तास. ३० ग्रॅमच्या ट्यूबमधून साडेतीन सेंटिमीटर पिळले की झाला १ ग्रॅम! ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना तर ते टाळायचेच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला सल्फाचे औषध चालू असेल तरीही. हे सगळे खोक्यातल्या बारीक इंग्रजी अक्षरांत असते. रात्रपाळीच्या सिस्टरने ते केव्हा वाचायचे?

आपल्या खात्याने एक पानी मराठी तक्ता काढून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत भिंतीवर लावावा. आधी बाळाचे वजन, मग मलम, आणि चिकटपट्टीवर लावल्याची वेळ पेनाने. बाळ अत्यवस्थ असेल तर मलमाची वाट पाहायचीच नाही, सुई आधी. एरवी रक्त घेताना आईने अंगावर पाजले किंवा साखरेच्या पाण्याचे थेंब दिले तरी वेदना कमी होतात, आणि त्याला तास लागत नाही.

या निळेपणावर उताऱ्याचे मिथिलीन ब्लू इंजेक्शन कॅज्युअल्टीच्याच कपाटात हवे. स्टोअरच्या किल्लीची वाट पाहायला लागू नये. जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता असलेल्या बाळाला ते देऊ नये, हेही तक्त्यात ठळक छापावे. सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, तेव्हा परिपत्रक दोन्ही खात्यांनी मिळून काढावे, ही विनंती.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ