शेजारच्या काकीला, खुराड्याबद्दल

ती. स्व. काकीस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुझ्या नातीच्या मोबाइलवर येईल आणि ती तुला पडवीत बसवून वाचून दाखवेल. गडग्यापलीकडून हाक मारली असती तरी चाललं असतं, असं तू म्हणशील. पण तोंडावर आभार मानले की तू विषय बदलतेस आणि चहाचं आधण ठेवतेस. शिवाय मुंबई-पुण्याची माणसं हल्ली मला फोन करून विचारतात, परसात मोकळ्या कोंबड्या पाळायच्यात, काय करू? मी जे सांगते ते सगळं तुझं असतं आणि शहाणी मी ठरते. हा हिशोब एकदा चारचौघांत चुकता करावा, म्हणून उघड पत्र.

आम्ही कुडाळ तालुक्यातल्या या घरात कायमचे राहायला आलो तेव्हा मला कोंबड्या हव्या होत्या, आणि ह्यांना त्या पिंजऱ्यात नको होत्या. मी पिल्लं आणायला बाजाराला निघाले तर तू हातातली पाटी काढून घेतलीस. ‘आधी खुराडो बांध, मगे कोंबये हाड.’ म्हणजे आधी खुराडं बांध, मग कोंबड्या आण. बस, एवढंच. गवंडी मिळेपर्यंत माझी चिडचिड झाली ती तू पाहिलीच आहेस. आज मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं वाक्य हेच ऐकवते, तेही मालवणीत, कारण मराठीत त्याला तेवढी धार येत नाही.

मोकळी कोंबडी दिवसा स्वतःची काळजी बऱ्यापैकी घेते. घार दिसली की कोंबडा ओरडतो, सगळ्या करवंदीच्या जाळीत शिरतात, कुत्रा आला तर उडून गडग्यावर बसतात. पण अंधार पडला की तिला जवळजवळ काही दिसत नाही. दांडीवर बसली की बसली. जनावर शेजारी येऊन उभं राहिलं तरी ती जागची हलत नाही. ‘रातीक तिका दिसणा नाय’ म्हणत तू मला मांगराभोवती (शेतघराभोवती) फिरवलंस आणि कोण कुठून येईल ते एकेक दाखवलंस. मुंगूस दिवसाचं, शिक्रा आणि घार दिवसाची. रात्री कांडेचोर (म्हणजे उदमांजर), रानमांजर, कोल्हा. नाग आणि घूस यांना वेळेचं बंधन नाही.

सगळे खाली बघतात, तू वर बघितलंस. गवंड्याने मंगलोरी कौलं चढवायला घेतली तेव्हा तू त्याला थांबवलंस, कारण कांडेचोर माडावरून उतरतो, छपरावर येतो आणि कौल सरकवून आत उतरतो. माणसाच्या घरात तो माळ्यावर असाच शिरतो, मग खुराड्याचं छप्पर त्याला काय जड? म्हणून आधी वाशांवर जाळी ठोकली आणि तिच्यावर रिपा मारून कौलं लावली. हा सल्ला मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडला नव्हता. तिथे बहुतेक पत्र्याचं छप्पर गृहीत धरलेलं असतं, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली कोंबडी भाजून निघेल.

जाळीवरून तर तुझं आणि दुकानदाराचं जुंपलंच. तो षटकोनी भोकांची कोंबडीजाळी देत होता. स्वस्त, हलकी, हाताने वाकणारी. तू ती दोन बोटांनी ताणून दाखवलीस: ही कोंबडीला अडवायला बरी, कुत्र्याला नाही. शेवटी अर्ध्या इंची वेल्डमेश घेतली. तिच्यातून मोठा उंदीरही जात नाही आणि मोठा सापही नाही. पैसे कितीतरी जास्त गेले, ह्यांनी तोंड वाकडं केलं. मला विचाराल तर सगळ्या खर्चात हाच खर्च कमी करू नये. लाकूड जुनं चालेल, कौलं उतरवलेली चालतील, जाळी मात्र नवी आणि जाडच हवी.

जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं, दीड फूट उंच, सांधे सिमेंटने भरलेले, कारण घुशीने एकदा बीळ पाडलं की त्याच बिळातून नाग येतो. आत सहा फूट बाय चार फूट जागा. एवढ्यात बाराजणी रात्री सुखाने राहतात, कारण त्या तिथे फक्त झोपायला आणि अंडी घालायला येतात. दिवसभर कोंडायच्या असत्या तर ही जागा अजिबात पुरली नसती. बसायच्या दांड्या दोन इंच रुंद आणि जाळीपासून हातभर आत, म्हणजे बाहेरून पंजा घातला तरी पोचत नाही. अंडी घालायच्या पेट्या दांड्यांपेक्षा खाली. कोंबडी सगळ्यात उंच जागा शोधून झोपते, पेट्या वर ठेवल्या असत्या तर ती तिथेच झोपली असती आणि अंडी रोज घाणीत सापडली असती.

दाराला वरून कडी आणि खालून खिटी. खालच्या खिटीचं कारण विचारलं तेव्हा तू दाराचा खालचा कोपरा पायाने ढकललास. कडी जागेवर राहिली आणि खाली चांगली तीन बोटांची फट पडली.

पावसाळ्यात मात्र आपलं एकमत व्हायला वेळ लागला. मिरगाची पहिली झड आत आली आणि मी ताडपत्रीने चारही बाजू बांधून टाकायला निघाले. तू म्हणालीस, पश्चिमेकडे माडाची चुडतं विणून आडोसा कर, पण वळचणीखालची वीतभर जागा उघडीच ठेव. कोंबडीच्या शिटीतून अमोनिया सुटतो, ओल असली की जास्तच. तुझी परीक्षा सोपी होती: पहाटे दार उघडलंस की आधी आपलं डोकं आत घाल, डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे. खाली भाताचं तूस पसरायचं, रोज हाताने उलथायचं, भिजलेलं उचलून माडाच्या आळ्यात टाकायचं. ओलं तूस राहिलं की पिल्लांना रक्ती हगवण लागते, आणि ती लागली की दोन दिवसांत पिल्लं मान टाकतात.

कोंबड्या आल्या तेव्हा आठवडाभर सोडायच्या नाहीत असं तू बजावलंस. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना ते क्रूर वाटलं. पण त्या आठवड्यात झोपायची जागा डोक्यात बसते. मग संध्याकाळी तासभर सोडायच्या, म्हणजे लांब जायला वेळच मिळत नाही. त्यानंतर दिवसभर. आता तिन्हीसांजा झाल्या की त्या आपापल्या परत येतात, मी फक्त मूठभर कणी टाकून ‘ती-ती-ती’ करते. ते आपलं माझ्या समाधानासाठी.

मोजायची तुझी पद्धत मला सगळ्यात आवडते. मी बोटाने एक-दोन-तीन करत बसायची आणि कोंबड्या जागा बदलायच्या. तू दारात उभी राहतेस आणि सांगतेस, ‘बोडक्या मानेची खय असा?’ तू आकडा मोजतच नाहीस, कोण नाही ते बघतेस. ती बोडकी ओहळाच्या कडेला निगडीच्या (निर्गुडीच्या) झुडपाखाली अंडी घालून बसली होती. तेव्हापासून सकाळी सोडण्याआधी कोंबडी चाचपायला तू मला शिकवलंस. आज अंडं घालणार असेल तर ते हाताला लागतं. तिला आतच ठेवायची, अंडं घातलं की बाहेर. शहरातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की फोनवर थोडा वेळ शांतता पसरते.

आपल्या वाडीत एकाने फासकी लावायची गोष्ट काढली होती, मुंगसाला धडा शिकवायला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे, हे मी सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच तू म्हणालीस, मुंगूस गेला तर नाग कोण आवरणार, आणि फाशात तुझाच कुत्रा अडकला तर? विषय तिथेच संपला. कायदा खिशात राहिला माझ्या.

आता लशीचं. याबद्दल तुझे आभार फक्त माझे नाहीत, सगळ्या वाडीचे आहेत. मानमोडीने तुझं खुराडं एकदा रिकामं केलेलं तू पाहिलं होतंस. राणीखेत म्हणतात तो हाच रोग, कुमाऊंतल्या राणीखेत गावावरून नाव पडलेला. एकदा झाला की औषध नाही, आधी लस टोचली तरच कोंबडी वाचते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लशीचा थेंब, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी लशीची सुई. यात खरी अडचण अशी की लशीची कुपी शंभर पक्ष्यांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? तू घरोघर फिरलीस, कोणाकडे किती आहेत ते डोक्यात ठेवलंस, दवाखान्यातल्या डॉक्टरांशी दिवस ठरवलास आणि सगळ्यांना एकच सांगितलंस: त्या दिवशी उजाडायच्या आत कोणी दार उघडायचं नाही. ज्यांच्याकडे बंद खुराडं होतं त्यांच्या कोंबड्या पटापट हातात आल्या. ज्यांच्या आंब्यावर झोपतात त्यांच्या अर्ध्या तशाच राहिल्या. त्या वर्षी आणखी दोन घरांनी खुराडी बांधली. मला वाटतं, कांडेचोरापेक्षा त्या सुईनेच ती बांधून घेतली.

गिरिराजवरून आपलं अजून पटलेलं नाही, ते इथेही लिहिते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ही जात गावठीपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देते, पण खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवत नाही, अंगाने जड असल्याने घारीपुढे पळताना मागे पडते. तू तिला ‘सरकारी’ म्हणतेस. मी तीन ठेवल्यात आणि ठेवणार. घरात रोज अंडी लागतात, काकी, आणि तुझी गावठी वर्षाला साठ-सत्तर देऊन उरलेले दिवस आराम करते. पिल्लं काढायचं काम मात्र तिचंच, हे मान्य.

सासऱ्यांना गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागलं तेव्हाचं मी तुझ्याशी कधी बोलले नाही. रात्री निघालो तेव्हा घराला कुलूप घातलं की नाही तेही आठवत नव्हतं, कोंबड्या तर दूरच. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वॉर्डाबाहेर बाकावर बसले असताना तुझ्या नातीच्या फोनवरून तुझा आवाज आला: ‘सगळ्यो आत असत. बोडकी पण. दार लायलंय.’ सासऱ्यांची चौकशी तू त्यानंतर केलीस. आम्ही परत येईपर्यंत रोज त्याच वेळेला तोच फोन. तुझं स्वतःचं खुराडं, म्हशीचं दूध, गुडघे, हे सगळं सांभाळून तू सकाळ-संध्याकाळ गडगा ओलांडत होतीस. अंडी तू ठेवून घेतली असतीस तर मला आनंद झाला असता, पण ती तांदळाच्या डब्यात ओळीने मांडलेली सापडली. मोकळ्या कोंबड्या पाळायच्या तर खुराड्याइतकंच हेही लागतं: आपण घरी नसू त्या संध्याकाळी दार लावणारं कोणी. फोन करणाऱ्यांना मी आता विचारते, शेजारी कोण आहे?

बाकी ठीक. तू राखणीसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, मागितलेला कोंबडा वेगळा काढून ठेवलाय, लाल, पायाला सुतळी बांधलेला. अर्ध्या वाट्याने दिलेल्या खुडूक कोंबडीने बारापैकी दहा अंडी फोडली. निगडीचा पाला खाली घातला होता, पिसवा झाल्या नाहीत. आठव्या दिवशी विजेरी धरून पाहिली तेव्हाच दोन अंडी कोरी दिसली होती, म्हणजे दोष कोंबड्याचा, कोंबडीचा नाही. दहाही पिल्लं घारीच्या भीतीने महिनाभर डालग्याखाली वाढवली, आता मोठी झालीत. यातली पाच तुझी. येत्या लशीच्या दिवशी सुई टोचून झाली की घेऊन जा, तू आधी निवड. फक्त ती करड्या रंगाची तुरेवाली तलंग मागू नकोस, ती मी सोडणार नाही.

तुझी,
गडग्याअलीकडची सून