पंपावर नुसती डेन्सिटी बघून भागत नाही

संपादक महोदय,

पेट्रोल भरताना डेन्सिटी (घनता, म्हणजे एका घनमीटरला किती किलो) बघा असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे फिरत असतात, बघायलाच पाहिजे, पण कोणी हे सांगत नाही की तो आकडा 15 डिग्री तापमानाचा असतो, आणि पेट्रोल तापलं की फुगतं, डेन्सिटी उतरते. माझी सगळी नोकरी पेट्रोलियमच्या लॅबमध्ये गेली म्हणून लिहितोय. बिलावर 748 छापलंय आणि वडाळ्याच्या पंपावर 32 डिग्रीला जारमध्ये हायड्रोमीटर (डेन्सिटी मोजायची काचेची तरंगती नळी) सोडला तर तो 733च्या आसपास दाखवणार, आणि लोक लगेच भेसळ भेसळ म्हणून भांडायला उठतात! आधी त्याच जारमध्ये थर्मामीटर घाला, पंपावरचा तापमानाप्रमाणे डेन्सिटी बदलून देणारा तक्ता मागून 15 डिग्रीचा आकडा काढा आणि टँकरच्या चलनाशी, म्हणजे मालासोबत आलेल्या कागदाशी, ताडून बघा. 3 किलोपेक्षा जास्त फरक आला तर मात्र अजिबात सोडू नका, ही टेस्ट मागायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

पण खरा घोळ पुढे आहे. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, काही सॉल्व्हंट हलके, दोन्ही मापात मिसळले की डेन्सिटी जागच्या जागी राहते आणि हायड्रोमीटरला काही कळत नाही. म्हणून व्हेपर प्रेशर, म्हणजेच बाष्पदाब, पण बघायला हवा, म्हणजे 37.8 डिग्रीला पेट्रोलच्या वाफेचा दाब किती होतो ते. डेन्सिटी आणि दाब दोन्ही एकदम जुळवणं भेसळवाल्याला खूप जड जातं. पूर्वी ही टेस्ट म्हणजे मोठं काम होतं, सॅम्पल बर्फात थंड करायचं, त्याच्या चौपट हवेच्या भांड्याला जोडायचं, गरम पाण्यात ठेवून पुन्हा पुन्हा हलवायचं आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, त्यात बाटली जरा उघडी राहिली की हलका भाग उडून जायचा आणि आकडा खोटा यायचा. आता मशीनला जेमतेम 1 मिली सॅम्पल लागतं, काही मिनिटांत रिझल्ट.

आणि हे नुसतं भेसळीपुरतं नाही. इथेनॉलचा स्वतःचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी, तरी 10 टक्के मिसळलं की मिश्रणाचा दाब उलट वाढतो, म्हणून मुळातलं पेट्रोलच कमी दाबाचं बनवावं लागतं. आता तर 20 टक्के इथेनॉल आलंय. दाब जास्त तेवढी वाफ जास्त, टँकर भरताना, टाकीत ओतताना ती बाहेर पडते आणि रिफायनरीशेजारच्या माहुल, चेंबूरची माणसं ती श्वासातून आत घेतात, त्यात कॅन्सर करणारं बेंझीनही असतं. हे मला फार लागतं, कारण मी इथेच राहतो.

तेल कंपन्यांना एकच विनंती आहे, चलनावर डेन्सिटीच्या शेजारी बॅचचा बाष्पदाब छापा आणि पंपाच्या बोर्डावरही लिहायला लावा. रिफायनरीच्या लॅबमध्ये हा आकडा बॅच पास करताना काढलेला असतोच.

– एक निवृत्त लॅब कर्मचारी, चेंबूर