लग्नाचे पाट घरी केले त्याबद्दल

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

लग्नसराई आली की तुमच्या पुरवणीत डेस्टिनेशन वेडिंग, प्री-वेडिंग शूट, मेकअप आर्टिस्ट यावर पानंच्या पानं येतात, मी पण ती चवीनं वाचते, खोटं कशाला बोलू. पण हाताने केलेल्या वस्तूंचा विषय निघाला की तो रुखवतावर येऊन थांबतो, आणि रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडायचं नि मुलाकडच्यांनी बघायचं. मुलाच्या हातची एक वस्तू मांडवात असावी असं कुणालाच वाटत नाही का? आमच्या लग्नातले दोन्ही पाट आम्ही दोघांनी मिळून केले, मी आणि माझ्या होणाऱ्या (आता झालेल्या) नवऱ्याने, म्हणून हे पत्र.

रुखवताचं आता काय झालंय ते सगळ्यांना माहितीये. आईच्या वेळेस क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, घरचे लाडू-सांडगे असायचे. मग थर्माकोलची सप्तपदी आली, थर्माकोलचं तुळशीवृंदावन आलं, 2018 ला राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, आणि आता तर पूर्ण सेट भाड्यानेच मिळतो, लग्न झालं की संध्याकाळी माणूस येऊन टेम्पोत घालून घेऊन जातो. कौतुक नक्की कुणाच्या हाताचं करायचं मग.

पाटच का, तर लग्नभर तोच लागतो. हळदीला पाट, सीमांतपूजनाला पाट, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना पाट, आणि नंतर भाऊबीज, गणपती, डोहाळजेवण सगळीकडे तोच. हॉलवाले देतात ते प्लायवूडचे असतात, वरून लाल मखमल खिळ्यांनी ठोकलेली, उभं राहिलं की करकरतात. शिवाय पहिल्यांदाच लाकडाला हात लावणाऱ्याला जमेल अशी वस्तू आहे ही, एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, बास. चौरंगाच्या नादी लागू नका, चार पाय एका लेव्हलला आणताना नाकी नऊ येतात.

लाकूड पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आणलं, जुनं सागवान, कुठल्यातरी वाड्याची तुळई असावी. वाडे पडले की हा माल तिकडे येतो. जुनं घ्यायचं कारण नुसता जुन्याचा सोस नाही, इतकी वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड आता फारसं हलत नाही, नवीन ओलसर फळी घेऊन पाट केला तर उन्हाळ्यात तो होडीसारखा वाकतो. पण जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात, वरून दिसत नाहीत, रंध्याचं पातं त्यावर गेलं की दाता पडलाच. आधी लोहचुंबक फिरवून बघा. माप आम्ही 20 बाय 16 इंच घेतलं, जाडी सव्वा इंच, म्हणजे दोन पाट आणि पट्ट्या मिळून अर्धा-पाऊण घनफूट लाकूड लागतं. घनफुटावर विकणारे दुकानदार एवढंसं द्यायला कुरकुरतात, त्यांना सरळ सांगा लग्नाचे पाट करायचेत, चेहरा बदलतो त्यांचा.

शिकवलं आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला इंजिनिअरिंगला पण कुणी इतकी नीट सांगितली नव्हती. लाकूड पावसाळ्यात फुगतं नि उन्हाळ्यात आकसतं, पण लांबीत नाही, रुंदीत. खालच्या पट्ट्या आडव्या असतात, म्हणजे फळीची रुंदी हलणार आणि पट्टी जागची हलणार नाही. मग तुम्ही हौसेने फेविकॉल भरभरून लावून पट्टी पक्की चिकटवलीत तर फळीला जागाच उरत नाही, ती तडकते, आणि लोक म्हणतात लाकूडच खराब होतं. काका म्हणे, ‘पट्टी फळीला सरळ ठेवण्यापुरती आहे, बांधून घालायला नाही.’ म्हणून मधला स्क्रू घट्ट, आणि टोकाच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं लांबट पाडायची म्हणजे फळी सरकली तरी स्क्रू तिला अडवत नाही. चांगले जुने कारागीर स्क्रू पण वापरत नाहीत, फळीला खालून तिरकी खाच पाडून त्यात पट्टी नुसती सरकवतात. आमच्या पटाशीला एवढं जमणारं नव्हतं, आम्ही स्क्रूच मारले.

पॉलिशचं मी ठरवलं. लाखेचं पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात मारायचे, ते दिसतं फारच देखणं, पण पाणी सांडलं की पांढरे डाग उठतात, आणि लग्नात पाटावर काय काय सांडतं ते सांगायला नको. आम्ही जवसाचं उकळलेलं तेल लावलं, पातळ हात, पुसायचं, वाळू द्यायचं, परत. इथे एक इशारा देते कारण हे फारसं कुणी सांगत नाही, या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, खरंच घेतात, त्या पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाका. मांडव घातलेल्या घरात तर जास्तच जपा.

हळदीला पाट व्हायचा तसा पिवळाधमक झाला. आत्याबाई हळहळल्या, पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, पाट गच्चीवर उन्हात ठेवले आणि डाग फिका होत गेला, थोडा राहिलाय तो राहू दे. मांडवात गुरुजींनी विचारलं पाट कुठून आणले, तेव्हा सासऱ्यांनी एकदम छाती काढून ‘आमच्या मुलाने केलेत’ असं सांगितलं, माझं नाव गाळून, रंधा निम्मा मी मारला होता बरं का.

आता मुद्दा. हे सगळं करायला जागा नव्हती. फ्लॅटमध्ये रंधा मारला की खालचे वर येतात, गच्चीवर सोसायटीची परवानगी लागते, शेवटी काकांच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी कोपरा मिळाला म्हणून झालं, ज्यांच्या ओळखीत असे काका नाहीत त्यांनी काय करायचं? आयटीआयमध्ये कारपेंटर ट्रेड आहे, बाकं आहेत, शिकंजे आहेत, शिकवणारे सर आहेत, आणि रविवारी सगळं कुलपात. टेक्निकल विषय असलेल्या जुन्या हायस्कूलांमध्ये पण सुतारकामाच्या खोल्या आहेत, बऱ्याच ठिकाणी आता तिथे मोडकी बाकं साठवतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न घेता सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जावं असं लिहिलंय, छानच आहे, पण त्या मुलांच्या आईबापांना पण रविवारी दोन तास येऊ द्या की. फी घ्या, लाकूड ज्याचं त्याने आणावं, मोठ्या मशिनला हात लावू देऊ नका, फक्त हातहत्यारं. शिकवायला सुतारच बोलवा आणि त्यांना नीट मानधन द्या, सध्या त्यांच्याकडे प्लाय कापून सनमायका चिकटवण्याचंच काम उरलंय, काकाच म्हणाले की रंधा मारून घेणारं गिऱ्हाईक आता फार क्वचित येतं.

तुमच्या पेपरने संबंधित खात्याकडे हा विषय लावून धरला तर तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी लोकांना आत्ताच लाकूड आणून ठेवता येईल, घरात आणल्यावर ते थोडे आठवडे तसंच ठेवावं लागतं, लगेच कापायचं नसतं.

आपली,
एक वाचक, पुणे