नाडी

कोथरूड, पुणे
१४ डिसेंबर

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही. तुझ्या वाढदिवसाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक केक फेकला आणि मोकळी झाले. काय शिव्या द्यायच्यात त्या आधी देऊन घे, मग पुढे वाच. इकडे आईचा गुडघा तसाच, ह्यांचं बीपी गोळीवर, आणि मी... त्यासाठीच तर लिहितेय.

दोन आठवड्यांपूर्वीचा रविवार. वेताळ टेकडीवर खाणीच्या जरा अलीकडे बुटाची नाडी सुटली म्हणून दगडावर बसले. दोन्ही टोकं हातात आणि बांधवेना. कुठे काही दुखत नव्हतं गं. नाडी बांधली की उठावं लागेल, उठलं की पळावं लागेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. खाली कुठेतरी मोर केकाटत होता. दोघं-तिघं "मॅडम, पाणी देऊ का?" विचारून गेले. पंचवीस मिनिटं बसले असेन. शेवटी नाड्या बुटात कोंबल्या, चालत खाली आले आणि घरी सांगितलं, "अठरा झाले." खोटं, सुमे! त्या नाशिकच्या प्रकरणाचंसुद्धा मी ह्यांना लग्नाआधी खरंखरं सांगून टाकलं होतं, आणि आता किलोमीटरवरून थापा मारतेय.

थापेमागचं कारण असं की मागच्या वर्षीच्या एप्रिलपासून माझा एकही खाडा नव्हता. रोज किमान दोन किलोमीटर, असे ६०७ दिवस. गौरीजेवणाला अठरा पानं वाढून झाल्यावर रात्री पावणेबाराला मी साडी खोचून पार्किंगमध्ये गोल गोल पळत होते. वॉचमनकाकांनी दुसऱ्या दिवशी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी घर सोडून निघाल्या होत्या का?" आपल्या कोचसरांच्या भाषणातला तो इंग्लंडचा धावपटू रॉन हिल आठवतो? १९६४च्या डिसेंबरपासून रोज पळणारा? सर सांगायचे तेव्हा त्याचं चालूच होतं. पुढे २०१७च्या जानेवारीत संपलं, ५२ वर्षं ३९ दिवस. वय ७८, पळताना छातीत दुखायला लागलं, तसाच मैल पुरा केला आणि मग थांबला. मी आमच्या पळण्याच्या ग्रुपवर सगळ्यांना ५२ वर्षं सांगत फिरायचे. छातीचं कधी सांगितलं नाही.

डोक्यात होती जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. फुल, म्हणजे ४२ किलोमीटर, चार तासांच्या आत, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. मंगळवारी सणस मैदानावर चारशे मीटरचे दहा, गुरुवारी टेम्पो म्हणजे सलग जोरात पळणं, शनिवारी जिम, रविवारी सिंहगडाचा घाट नाहीतर टेकडीवर लांबचं. मधले दिवस नावाला हलके. आमच्या ग्रुपात हलकं म्हणजे पुढच्याच्या टाचेवर पाय देत पळणं. आठवड्यातलं ऐंशी टक्के पळणं बोलता बोलता झालं पाहिजे, हे आता घड्याळसुद्धा सांगतं. सर तर म्हणायचे, हळूच्या दिवशी गाणं म्हणता आलं पाहिजे, आणि तू खरंच म्हणायचीस. (तेव्हा वाटायचं, हिला कोणीतरी जोरात पळायला लावा.) सप्टेंबरपासून माझं दहा किलोमीटर तीन मिनिटांनी मागे गेलं. म्हणून मी आणखी पळायला लागले. उधारी फेडायला उधारी. रात्री दोनला टक्क जाग, सकाळी पाय शिशाचे, महिन्यात दोनदा सर्दी. पोरीने डबा विसरला तर मी अशी काही फाडफाड बोलले की ती कॉलेजात जाऊन रडली.

ग्रुपातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) ९, दोन्ही कमी. थायरॉइड ठीक. त्या म्हणाल्या, अतिसरावाची एकच एक अशी टेस्ट नसते, आधी बाकीचं सगळं वगळायचं, मग उरतं ते. चार-सहा दिवस आराम करून माणूस ताजं झालं तर तो सरावाचा भागच. आठवडे लागले तर गडबड. महिने लागले तर मग त्याला नाव द्यायचं. "तुमचं अर्धं लोह आहे आणि अर्धा हट्ट," म्हणाल्या. नवरात्रात नऊ दिवस उपास धरून पळाले हे सांगितल्यावर पेनच खाली ठेवलं त्यांनी. पाळी तीन महिने नाही, मला वाटलं चव्वेचाळीसला हे असंच सुरू होतं. तर खर्च जास्त आणि पोटात कमी, असं फार दिवस चाललं की शरीर एकेक खातं बंद करत जातं म्हणे. २०१४मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला रेड-एस असं नावही दिलंय. आता तीन महिने गोळ्या, पोह्यांवर लिंबू, आणि जेवणावरचा चहा बंद. बाकी सगळं सोसेन गं, पण हा चहा!

आता खरी गोष्ट. सर आपल्याला अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायला लावायचे ना, दोनशे पानी वहीत (आकडा चढत गेला की शरीर दमलंय समजायचं), तर मी माझी जुनी वही शोधत होते. विशीतले आकडे बघायचे होते. माळ्यावरच्या ट्रंकेत स्पर्धांच्या प्रमाणपत्रांखाली एक वही सापडली, मी उघडली, आणि अक्षर तुझं. हॉस्टेलच्या दिवसांतली. ती माझ्याकडे कशी आली देव जाणे. जानेवारीत ५४, ५५, ५४. मार्चला ५८. एप्रिलला ६१, ६३, ६४, आणि समोर तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात "झोप नाही". ६४ला सरांनी लाल गोल केलाय. त्यानंतर पानं कोरी.

त्याच एप्रिलमध्ये मी तुला म्हटलं होतं, "नाटकं बंद कर." हॉस्टेलच्या जिन्यात, जाड्या आणि मंदीच्या देखत. तू मैदान सोडलंस तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की सुमीला कष्ट नकोत. आपण परत बोलायला लागलो ते तुझ्या लग्नात, आणि त्या जिन्याचा विषय दोघींनी कधी काढला नाही. परवा मी सकाळी माझी नाडी मोजली. एरवी ५२ असते. ६१ भरली. ती वही मांडीवर होती. माझं चुकलं, सुमे. तू तेव्हा एकदाही उलटून बोलली नाहीस आणि मी त्याचा अर्थ भलताच लावला. रिलेतल्या त्या बॅटनचं मात्र मी मागे घेणार नाही. बॅटन तूच पाडलंस.

तू कशी आहेस? चिरंजीवांचं दहावीचं वर्ष ना? त्याचा मोबाईल काढून घेतलास की तुझाही तोच वापरतोय? सासूबाईंचं मोतीबिंदू झालं का? ओट्याचं काम संपलं असेल तर फोटो पाठव, ग्रॅनाइट काळाच घेतलास ना शेवटी?

माझा गुंता सुटलेला नाही. घड्याळ ह्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय (खरंच, माझ्या बांगड्यांशेजारी). दोन आठवडे शून्य. पहिले चार दिवस मी घरात वाघिणीसारखी फिरत होते, पाचव्या दिवशी दुपारी तीन तास झोपले. आता रोज चाळीस मिनिटं चालते, म्हात्रे पुलापर्यंत आणि परत. पण मुंबईची एन्ट्री भरलेली आहे, ग्रुपचे सगळे जाणार, आणि रात्री पडल्या पडल्या मन म्हणतं, चार तासात नाही तर नाही, नुसतं पूर्ण करायला काय हरकत आहे? डॉक्टरीणबाई नाही म्हणतात. हे म्हणतात, तू ठरव. ज्याला त्याला विचारत सुटलेय आणि कोणाचंच ऐकत नाहीये. तू तेव्हा पळणं कसं थांबवलंस? म्हणजे त्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय केलंस? एवढंच लिही.

वही पोस्टाने पाठवत नाहीये. कोल्हापूरहून पुणे काही लांब नाही. ये आणि घेऊन जा. टेकडीवर जाऊ, चालत. चहा तू पी, मी बघते.

तुझी,
वैजू

ता.क. सरांचा फोन आला होता. त्यांना यातलं काही बोलले नाही. आधी तुला.